पायथनच्या 'इन'ला आमचं कुऱ्हा सापडत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. तिवसा तालुक्यातल्या कापूस उत्पादकांची गावनिहाय यादी तपासायला पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली आहे. गाव यादीत आहे का, हे 'इन'ने पाहतो. टेस्टमध्ये असर्टइन (तीच 'इन'ची तपासणी करणारी मेथड) वापरतो. नावं मी स्वतः टाइप केली की टेस्ट पास होते, पण जुन्या फाईलमधलं 'कुऱ्हा' घेतलं की फॉल्स येतं. दिसायला दोन्ही अगदी सारखे!

स्ट्रिप केलं (कडेच्या मोकळ्या जागा काढल्या), एनएफसी नॉर्मलायझेशनही केलं (युनिकोड अक्षरं एकाच ठरावीक रूपात आणली). तरी लेन (लांबी मोजणारं फंक्शन) माझ्या शब्दाला ६ दाखवते, फाईलमधल्याला ७. अक्षरं सुटी करून पाहिली तर फाईलमध्ये ऱ नाहीच. साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) आहे. नुसता जॉइनर काढला तर 'कुर्हा' होतं, म्हणजे तेही जुळत नाही.

शोध लिस्टमध्येच आहे. स्ट्रिंगमध्ये घेतला तर अर्धवट नावही जुळतं, ते नको. काम मोबाईलवर टर्मक्समध्ये (अँड्रॉइडवरच्या टर्मिनल ॲपमध्ये) चालतं, शेतात रेंज नसते, म्हणून बाहेरची लायब्ररी नको.

र, हलन्त, जॉइनर या तिघांच्या जागी सरसकट ऱ आणि हलन्त टाकलं तर दुसरा एखादा मराठी शब्द बिघडेल का? आणि हा बदल फाईल वाचतानाच करावा, की स्वतःचा क्लास करून कंटेन्स मेथडमध्ये ('इन' वापरलं की चालते ती)?