मदत हवी आहे: ‘द हसलर’मधला पूलचा खेळ कोणी नीट समजावून सांगेल का?

मंडळी, १९६१ चा ‘द हसलर’ सिनेमा परत बघितला, पॉल न्यूमनचा, आणि या वेळी जाम अडकलोय. ती पहिली रात्रभर चालणारी मॅच, एडी (म्हणजे न्यूमन) अठरा हजार डॉलरने पुढे असतो, मित्र म्हणतो बास कर आता, हा ऐकत नाही, आणि मग समोरचा खेळाडू मिनेसोटा फॅट्स शांतपणे हात धुतो, पावडर लावतो, कोट चढवून ताजातवाना परत येतो. काय काम केलंय जॅकी ग्लीसनने, कमाल! पण टेबलवर नेमकं काय चाललंय ते मला कळत नाही.

एवढं माहितीये की तो स्ट्रेट पूल आहे, बॉल आणि पॉकेट आधी सांगायचं, प्रत्येक बॉलला एक पॉइंट, चौदा गेले की ते परत रॅकमध्ये (त्या त्रिकोणी चौकटीत) आणि पंधरावा तसाच टेबलवर. पण सेफ्टी कधी खेळतात? बॉल दिसत असूनही न मारता समोरच्याला अडकवून ठेवायचं, हे कशावरून ठरवतात? पुढे लुईव्हिलला फिंडली नावाच्या श्रीमंत माणसाबरोबर पॉकेट नसलेल्या टेबलवर खेळतात तेही थोडं सांगा.

यातले बरेच अवघड शॉट पूलचा चॅम्पियन विली मॉस्कोनीचे आहेत, ज्याने १९५४ ला सलग ५२६ बॉल घातले होते, म्हणजे खेळ अस्सल आहे, म्हणूनच समजून घ्यायचाय. क्लबात पूल किंवा बिलियर्ड्स खेळलेलं कोणी असेल तर प्लीज सविस्तर लिहा, स्नूकरचं उदाहरण दिलं तरी चालेल.