मदत हवी आहे : पेसमेकर लीडची कॉइल क्रिम्पजवळच का तुटते?

प्रोजेक्टसाठी ६० सेंमी लीडचा (पेसमेकरपासून हृदयापर्यंत जाणारी वायर) नमुना बनवतोय. एमपी३५एन या निकेल-कोबाल्ट मिश्रधातूची ०.१ मिमी तार, चार तारा एकत्र गुंडाळलेली कॉइल, सरासरी व्यास ०.७ मिमी, वर सिलिकॉन नळी. भोसरीतून करून घेतलेल्या ६ मिमी त्रिज्येच्या साच्यावर ±९० अंश वाकवतो. मधला भाग ४७,००० आवर्तनं काढतो, कनेक्टरकडचं टोक मात्र दर वेळी क्रिम्पला (कॉइल दाबून पकडणारी धातूची स्लीव्ह) लागून तुटतं. तार जाड घेऊ की एकेरी कॉइल करू?

प्रतिसाद १
दोन्ही नको. कॉइल वाकली की तारेतला ताण तारेचा व्यास आणि पीच कोनाची (वेटोळ्याच्या तिरकेपणाची) साइन यांच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाड तार लवकर तुटेल. तुमचा कोन साधारण १० अंश, त्यामुळे ६ मिमीला सुमारे ३०० मेगापास्कल येतात. तीच तार सरळ असती तर १,९०० आले असते! एकेरी कॉइलमध्ये ताण आणखी उतरेल, पण तार १३ मीटर लागेल आणि कागदावर रोध १,७०० ओम होईल. चारपदरीत तो ११० च्या आत आहे. बॅटरी तार तापवण्यातच संपायची.

म्हणजे कॉइल ठीक आहे, घोटाळा सांध्यात आहे. कडक स्लीव्ह संपते तिथे सगळा वाक एकाच वेटोळ्यावर येतो, तिथली त्रिज्या ६ मिमी राहतच नाही. स्लीव्हचं तोंड आतून गोल करा. क्रिम्प करताना कॉइलच्या आत पिन ठेवा, नाहीतर तारेवर खाच पडते आणि भेग तिथूनच सुरू होते. वरून निमुळता सिलिकॉन बूट (सांध्यावरचं मऊ आवरण) ८-१० मिमी पुढे न्या. लेझर वेल्ड करणार असाल तर तो वाकणाऱ्या भागापासून लांब ठेवा; उष्णतेने तारेचा कमावलेला कडकपणा जातो.

आणि हो, कनेक्टरकडच्या टोकाची चाचणी वेगळी असते : ±४५ अंश, ८२,००० आवर्तनं. ±९० तिथे लावणं अन्याय आहे.

धागाकर्ता
एखादीच तार तुटली तर रोधावरून कळेल ना?

प्रतिसाद २
भरवसा ठेवू नका. चारही तारा उघड्या आणि एकमेकींना टेकलेल्या, त्यामुळे तुटलेल्या जागी प्रवाह शेजारणीतून जातो आणि आकडा जेमतेम हलतो. वाकवत असतानाच सतत नोंद घ्या. क्षणिक उड्या दिसल्या की थांबा. तुटलेलं टोक बोटाने चोळू नका, पाषाणला एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहे तिथे दाखवा. भेग क्रिम्पच्या खाचेतून निघालेली दिसली तर आधी क्रिम्पचा दाब कमी करा, बूट नंतर.