मदत हवी आहे : साधं बी.एड. आणि विशेष शाळेतला जुना अनुभव आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणीसाठी धरतात का? (नागपूर)

खापरीवाली
नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहितीवर मला आतापर्यंत बरेच अर्धवट सल्ले मिळालेत.

मी 2008 साली नागपूर विद्यापीठातून साधं बी.एड. केलं, मराठी आणि इतिहास. त्यानंतर बौद्धिक अक्षम मुलांच्या एका विनाअनुदानित शाळेत लागले, ती आजतागायत तिथेच आहे. मधल्या काळात मध्य प्रदेशातल्या भोज मुक्त विद्यापीठाचा दिव्यांगत्वाची ओळख करून देणारा फाउंडेशन कोर्स केला. कार्यशाळांच्या प्रमाणपत्रांची तर फाईल फुगली आहे. वर्गात एफएसीपी (मुलाला काय काय जमतं याची तपासणी सूची) भरणं, प्रत्येक मुलाचा आयईपी (वैयक्तिक शिक्षण आराखडा) लिहिणं, तिमाहीला पालकांना बसवून पुढचं ठरवणं, हे सगळं मीच करते. नव्याने डी.एड. स्पेशल (विशेष शिक्षणाची पदविका) करून आलेल्या मुलींना शाळेत पहिले काही महिने माझ्याच वर्गात बसवतात.

आता संस्थेचा अनुदानाचा प्रस्ताव चाललाय. तपासणीत प्रत्येक शिक्षकाचा सीआरआर नंबर, म्हणजे आरसीआयच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीतला क्रमांक, मागितला आणि माझ्या नावापुढे रेघ. शिकायला आलेली मुलगी 'पात्र' आणि शिकवणारी 'अपात्र', असा तक्ता कार्यालयात लागलाय.

विचारायचं असं की माझं बी.एड., फाउंडेशन आणि इतक्या वर्षांचं काम धरून नोंदणीचा काही मार्ग आहे का? निदान कोर्समधले काही पेपर, काही प्रॅक्टिकल माफ होतात का? की चाळिशीत परत पहिल्यापासून? एका कन्सल्टन्सीवाल्याने सहा महिन्यांत 'आरसीआय सर्टिफिकेट' काढून देतो म्हटलंय, ते खरं असतं का?

बर्डीकर
ताई, त्या कन्सल्टन्सीवाल्याचा नंबर आधी ब्लॉक करा. माझ्या वहिनीनं असेच पैसे बुडवले. बाकीचं जाणकार सांगतीलच, मी वाचून राहिलो.

जुना_मास्तर
मी विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात शिकवत होतो, आता निवृत्त आहे. कटू भाग आधी सांगतो.

भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम 1992 चा सगळा डोलारा 'मान्यताप्राप्त अर्हता' या एका गोष्टीवर उभा आहे. केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव चढतं ते परिषदेने मान्य केलेल्या अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्रावर. अनुभव कितीही असो, तो अर्हता म्हणून धरत नाहीत. उलट कलम 13 प्रमाणे नोंदणीशिवाय काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. घाबरवायला नाही सांगत, पण संस्था तुम्हाला 'चालतंय' म्हणत असेल तर हे माहीत असावं.

फाउंडेशन कोर्स सर्वसाधारण शाळेतल्या शिक्षकांना दिव्यांग मुलांची ओळख व्हावी म्हणून काढलेला होता. त्यावर विशेष शिक्षक म्हणून पात्रता मिळत नाही. कार्यशाळांचंही तसंच. सीआरई (निरंतर पुनर्वास शिक्षण) गुण मिळतात ते आधीच नोंदणी असलेल्यांना, कारण दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना ते दाखवायचे असतात. नोंदणीच नसेल तर गुण जमा होणार कुठे?

तुमच्यासारख्यांची सोय कधीच नव्हती असं मात्र नाही. नव्वदच्या दशकात, कायदा नवा असताना, आधीपासून काम करणाऱ्या अप्रशिक्षित लोकांसाठी परिषदेने ब्रिज कोर्स चालवला. पुढे इग्नूने साधं बी.एड. झालेल्यांसाठी पदव्युत्तर व्यावसायिक पदविका काढली. अध्यापनशास्त्र तुम्ही शिकलेले आहात असं गृहीत धरून त्यात फक्त दिव्यांगत्वाचा भाग शिकवत. माझ्या मते आजवरची तीच सर्वांत शहाणी रचना होती. ज्यांनी तेव्हा केली ते तरले.

आज तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. डी.एड. स्पेशल दोन वर्षांचं, त्याची परीक्षा राष्ट्रीय मंडळ घेतं. नाहीतर बी.एड. स्पेशल. नियमित केलं तर दोन वर्षं, मुक्त पद्धतीने अडीच. तुमच्याकडे पदवी आहे आणि नोकरी सोडायची नसेल, तर मी मुक्त पद्धतीचं बी.एड. बघा म्हणेन. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची सूचना पाहा. पण कोणतंही केंद्र धरताना त्या संस्थेला, त्याच कोर्सला आणि त्याच प्रवेशवर्षाला मान्यता आहे का, हे परिषदेच्या यादीत स्वतः तपासा. मान्यतेची मुदत संपल्यावर प्रवेश देणाऱ्या संस्था आहेत आणि तिथली मुलं पुढे नोंदणीला अडकतात. सहा महिन्यांत विशेष शिक्षक करणारा कोर्सच नाही, तेव्हा त्या कन्सल्टन्सीचं काय ते समजा.

अंबाझरी_तळं
पण सर, राष्ट्रीय श्रेयांक (क्रेडिट) आराखड्यात अनुभवाला श्रेयांक आहेत ना? 2023 मध्ये आला तो. अनुभवाला दुपटीपर्यंत वजन देता येतं असं त्यात आहे. शिवाय मिळवलेले श्रेयांक जमा ठेवणारी श्रेयांक बँक आहे. ताईंनी बी.एड.चे श्रेयांक तिथे टाकून पुढे वळते का करू नयेत?

जुना_मास्तर
आराखड्यात आहे, बरोबर. पण विद्यापीठ आणि परिषद दोघांनी तो त्या अभ्यासक्रमाला लावला पाहिजे, नुसता आराखडा दाखवून खिडकीवर काम होत नाही. श्रेयांक बँकेत श्रेयांकांचं आयुष्य जास्तीत जास्त सात वर्षं आणि ताईंचं बी.एड. 2008 चं, एका वर्षाच्या जुन्या पद्धतीचं. त्याला श्रेयांकच नव्हते.

आता थोडं मनातलं. बी.एड. स्पेशल 80 श्रेयांकांचं आहे. त्यातले बालविकास, अध्ययन-अध्यापन, मूल्यमापन हे पेपर साध्या बी.एड.शी बऱ्यापैकी जुळतात आणि दोन वर्षांचं साधं बी.एड. झालेल्याला ते पुन्हा लिहायला लावणं म्हणजे वेळेचा अपव्यय आहे. तिथे सूट मिळायलाच हवी. पण खापरीवाली ताई, रागावू नका, दुसरी बाजूही मी पाहिली आहे. वीस वर्षं एकाच शाळेत घालवलेले शिक्षक माझ्याकडे यायचे. एफएसीपी तोंडपाठ. पण बौद्धिक अक्षमतेबरोबर श्रवणदोष असलेलं मूल समोर आलं की गाडी थांबायची, कारण तसं मूल त्यांच्या शाळेने कधी घेतलंच नव्हतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. एका वर्गातला अनुभव त्यातल्या किती प्रकारांचा, हे तपासल्याशिवाय सरसकट माफी देऊ नये असं मला वाटतं.

खापरीवाली
रागावले नाही सर. पण तपासा ना! माझं म्हणणं तेवढंच आहे. वर्गात येऊन बसा, एक मूल द्या, मूल्यमापन करून आयईपी लिहून दाखवते. कमी पडेन तो पेपर देईन. आत्ता मात्र कोणी काही तपासतच नाही, थेट शून्यावर आणून ठेवतात. 80 टक्के उद्दिष्टं जमली की आम्ही मुलाला एफएसीपीच्या पुढच्या गटात पाठवतो. त्याला जे येतं ते परत शिकवत बसत नाही.

जुना_मास्तर
हे परिषदेला लिहून पाठवा. खरंच.

समग्रवाली
मी समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेत कंत्राटी विशेष शिक्षिका आहे, नागपूर ग्रामीण. आमच्याकडे उलटं होतं. आरसीआय होतं, पण सेवा कोणी मोजत नव्हतं. रजनीश कुमार पांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिकला 10 मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवलं. मार्च 2025 च्या आदेशात वर्षानुवर्षं कंत्राटावर असलेल्यांची छाननी समितीकडून तपासणी करायला सांगितलं. त्या समितीत दिव्यांग आयुक्त, शिक्षण सचिव आणि पुनर्वास परिषदेचा प्रतिनिधी. आपल्या राज्यानेही ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रशाळा स्तरावर विशेष शिक्षकांची 4,860 पदं मंजूर केली. म्हणजे अनुभवाला किंमत येतेय, पण हातात नोंदणी असलेल्यांच्या.

म्हणून ताई, कोर्स लावाच आणि सेवेचे कागद आजपासून जमवा. नेमणूक आदेश, हजेरीपटाच्या प्रती, पगार बँकेत येत असेल तर पासबुक. नुसता मुख्याध्यापकांच्या सहीचा दाखला पुरत नाही, जिल्हा परिषदेकडून प्रतिस्वाक्षरी घ्या. संस्थेचे पदाधिकारी बदलले की जुने मस्टर सापडत नाहीत, हे आमच्याकडे घडलंय.

बर्डीकर
पगार रोखीत असेल तं?

समग्रवाली
मग व्हाउचरच्या झेरॉक्स. आणि यापुढे खात्यातच मागा.

खापरीवाली
सगळ्यांचे आभार. मुक्त बी.एड.चं बघते. शेवटचं एक. प्रॅक्टिकल माझ्याच शाळेत करता येईल का? नाहीतर बिनपगारी रजा टाकावी लागेल आणि घरी दोन मुलं शिकताहेत.

जुना_मास्तर
तुमच्या विशेषीकरणाचा भाग तुमच्या शाळेत होऊ शकतो, अभ्यासकेंद्राच्या समन्वयकाकडून आधी लेखी घ्या. पण दुसऱ्या दिव्यांगत्वाच्या शाळेत आणि एका समावेशित शाळेत (दिव्यांग मुलं इतर मुलांसोबत शिकतात तिथे) प्रॅक्टिकल करावंच लागतं. नागपुरात त्यासाठी फार फिरायला नको, दक्षिण अंबाझरी मार्गावर अंध विद्यालय आहे आणि शंकरनगरला मूकबधिर. तुमची शाळा सकाळची असेल आणि त्यांची दुपारची, तर रजाही कमी लागेल. दोन्हीकडच्या वेळा विचारून मगच विनंतीपत्र द्या.

खापरीवाली
आमची सकाळी साडेसात ते साडेबारा. उद्याच विचारते.