अनुभव धागा : लाल-निळं लिव्हरपूल

मंडळी, एप्रिल २०२५ मध्ये लिव्हरपूलनं इंग्लंडच्या फुटबॉल लीगचं विसावं विजेतेपद मिळवलं, तेव्हापासून भारतातले नातेवाईक आणि मित्र मला एकच विचारतात : एवढं काय आहे त्या संघात? गोल आणि गुणतक्ते सगळ्यांच्या मोबाइलवर असतात, त्यांतून याचं उत्तर मिळत नाही. बंदराचं काम आटलं, कारखाने बंद पडले, १९८१ मध्ये टॉक्स्टेथला दंगल झाली. त्यानंतर थॅचर सरकारच्या अर्थमंत्र्यांनी या शहरावर फार पैसा खर्चू नये, त्याची उतरण होऊ द्यावी, असं सुचवलं होतं. तीस वर्षांनी कागदपत्रं खुली झाली तेव्हा ते जगाला कळलं, पण इथल्या माणसांना ते तेव्हाच जाणवलं होतं. आजही अ‍ॅनफिल्डवर, म्हणजे लिव्हरपूलच्या मैदानावर, राष्ट्रगीत लागलं की प्रेक्षकांचा मोठा भाग हुर्यो करतो. देशानं ज्यांना सोडलं त्यांनी एकमेकांना सोडायचं नाही, हे ठरवायची जागा म्हणजे इथलं फुटबॉल, असं माझं मत होत चाललंय.

इथे राहणाऱ्या, शिकून गेलेल्या, मुलांकडे येऊन राहिलेल्या सगळ्यांनी लिहावं. फुटबॉल आवडत नसेल तरी लिहा. लहान लिहा, मोठं लिहा.

डॉक्टर, मूळ सोलापूर

मी सुरुवात करतो, आणि मला हिल्सबरोच्या दुर्घटनेबद्दलच लिहायचंय. त्याच्याशिवाय हे शहर कळत नाही.

माझ्याकडे एक निवृत्त गोदी कामगार नियमित तपासणीला यायचे. एकदा पुढची तारीख देताना मी १५ एप्रिल म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, "त्या दिवशी नको, डॉक्टर." त्यांनी कारण सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नंतरच्या भेटीत ते स्वतःच बोलले.

१५ एप्रिल १९८९. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कप या फुटबॉल स्पर्धेची उपांत्य फेरी, लिव्हरपूलसमोर नॉटिंगहॅम फॉरेस्टचा संघ. बाहेर गर्दी तुंबली म्हणून पोलिसांनी एक मोठा दरवाजा उघडला, पण आत शिरणाऱ्यांना बाजूच्या मोकळ्या भागाकडे वळवलंच नाही. सगळा लोंढा बोगद्यातून सरळ मधल्या, आधीच भरलेल्या जाळीबंद कप्प्यांत गेला. पुढे लोखंडी कुंपण. माणसं उभ्या उभ्या गुदमरली. तीन वाजून सहा मिनिटांनी सामना थांबवला. आज मृतांचा आकडा ९७ आहे. सत्त्याण्णवावा माणूस तेव्हाच्या जखमांनी २०२१ मध्ये गेला.

हे गृहस्थ त्या दिवशी बाजूच्या कप्प्यात होते, म्हणून वाचले. मोबाइलचा काळ नव्हता. शेफील्डमधल्या लोकांनी आपल्या घरांची दारं उघडली, अनोळखी पोरांना आत घेतलं, "आधी घरी फोन कर" म्हणाले. त्या घरांपुढच्या रांगेत ते उभे होते. "माझी आई फोनवर काहीच बोलली नाही, नुसती श्वास घेत होती," एवढं सांगून ते थांबले.

आणि मग चार दिवसांनी 'द सन'नं पहिल्या पानावर छापलं की लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी मेलेल्यांचे खिसे कापले, मदत करणाऱ्या पोलिसांवर हल्ले केले. सगळं खोटं. त्याच वर्षी चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांनी मुख्य कारण पोलिसांचं ढिसाळ नियंत्रण हेच असल्याचं लिहिलं, तरी दारुडे प्रेक्षक ही गोष्ट लोकांच्या डोक्यातून गेली नाही. आयांनी, बापांनी, बहिणींनी वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या केल्या. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीनं पोलिसांचे बदललेले जबाब उजेडात आणले. २०१६ मध्ये ज्यूरीनं निकाल दिला : हे मृत्यू बेकायदा घडवलेले होते आणि प्रेक्षकांचा त्यात काहीही दोष नव्हता. सत्तावीस वर्षं! माझ्या त्या रुग्णाचे केस तोवर पांढरे झाले होते.

ते वर्तमानपत्र आजही इथल्या कित्येक दुकानांत ठेवत नाहीत. कायद्यानं बंदी नाही. दुकानदार ठेवत नाही, गिऱ्हाईक मागत नाही, बस्स. मी इंग्लंडमधल्या बऱ्याच शहरांत काम केलं, अशी आठवण धरून ठेवणारं शहर दुसरं पाहिलं नाही. खेळाडूंच्या शर्टाच्या मागे, मानेखाली, दोन ज्योतींमध्ये ९७ हा आकडा असतो. भारतात तो शर्ट घालणाऱ्या प्रत्येक मुलाला तो कशाचा हे माहीत असावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मूळ नाशिक, सासर लिव्हरपूल

डॉक्टरांचं वाचून डोळे भरले. पण या धाग्यात निळ्यांनाही जागा द्या. लिव्हरपूल लाल, तसा शहरातला दुसरा क्लब एव्हर्टन निळा. आमचं घर एव्हर्टनचं. नवरा, सासरे, आजेसासरे, सगळे निळे. 'शहराचा संघ' असं एकवचनात कोणी म्हणालं की सासरे अजून खुर्चीत सरसावून बसतात.

आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. आधी आम्ही आलो. एव्हर्टन १८७८ चा क्लब, आणि अ‍ॅनफिल्ड हे आमचं मैदान होतं. १८९१ मधली आमची पहिली लीग तिथेच खेळून जिंकलेली. भाड्यावरून मालकाशी भांडण झालं, १८९२ मध्ये आम्ही स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे गुडिसनला गेलो. मैदान रिकामं पडलं म्हणून मालकानं नवा क्लब काढला, तोच लिव्हरपूल.

घराघरांत दोन्ही रंग असतात. माझी नणंद लग्नानंतर 'लाल' झाली, नाताळच्या जेवणाला तिला बरोबर सासऱ्यांच्या समोर बसवतात. हिल्सबरोनंतरच्या शनिवारी मात्र गुडिसनपासून अ‍ॅनफिल्डपर्यंत, अख्ख्या स्टॅन्ली पार्कमधून, लाल आणि निळे मफलर एकमेकांना गाठी मारून एक रांग केली होती. आमच्या घरातला एक मफलर त्यात गेला. तो परत आणला नाही, आणायचाही नव्हता.

१८ मे २०२५ ला पुरुष संघ गुडिसनवर शेवटचा खेळला, साउथहॅम्प्टनशी, २-०. आमच्याकडे दोनच तिकिटं. तरी सगळं कुटुंब गेलं आणि उरलेले बाहेर रस्त्यावर उभे राहिले. आमच्यासारखे हजारो होते. आजेसासऱ्यांची राख त्या परिसरात विसर्जित केलेली आहे, त्यामुळे सासरे मैदानाकडे बघून बोलत होते ते कोणाशी, हे आम्हाला माहीत होतं. आता पुरुष संघ नदीकाठच्या ब्रॅम्ली-मूर गोदीवरच्या नव्या मैदानात गेला. गुडिसन पाडलं नाही, तिथे आमचा महिला संघ खेळतो. मला याचा फार आनंद आहे.

कोल्हापूर, मंगळवार पेठ (मुलीकडे आलोय)

मुलीनं धागा दाखवला, म्हटलं आपणबी लिहावं. आम्ही फुटबॉलच्या गावातलेच. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार, नाहीतर शिवाजी तरुण आणि खंडोबा अशी मॅच असली की पेठाच्या पेठा रिकाम्या होत्यात. पगारी मोठा क्लब न्हाई, पेठेपेठेच्या तालमींचे संघ आहेत. पण पोरगं आधी तालमीचं असतंय, मग आईबापाचं. त्यामुळं इथं आल्यावर मला नवल वाटलं न्हाई, ओळखीचं वाटलं.

जावयानं अ‍ॅनफिल्ड दाखवलं. एका बाजूच्या प्रेक्षागृहाला 'कॉप' म्हणत्यात. नाव दक्षिण आफ्रिकेतल्या स्पायन कॉप टेकडीचं. १९०० साली बोअर युद्धात तिथं इंग्रजांची लई माणसं पडली, त्यात या लँकेशर भागातली पुष्कळ. १९०६ मध्ये मैदानाच्या कडंला मातीचा मोठा उतार रचला, त्याला ते नाव दिलं. मी जावयाला म्हटलं, त्या टेकडीवरनं जखमी उचलून आणणाऱ्यांत आपले लोक होते, हिंदी शुश्रूषा पथक, आणि त्यात गांधीजी होते. त्याला ठाऊक नव्हतं. शेजारी एक म्हातारा गोरा उभा होता, त्यानं ऐकलं आणि माझा हात हातात घेऊन बराच वेळ सोडला न्हाई.

एक गोष्ट मात्र आमच्या पोरांनी इथनं घ्यावी. आमच्याकडं मॅचनंतर पेठांत दगडफेक झाली म्हणून स्पर्धा थांबल्याचं मी बघितलंय, फार वाईट वाटतं. इथं डर्बीला, म्हंजे एकाच गावातल्या दोन संघांच्या मॅचला, लाल-निळे शिव्या देत्यात, पण एकाच बसनं घरी जात्यात. तालमीची ईर्षा ऱ्हाऊ दे, तिच्याबिगर मजा न्हाई, पण दगड नको रे पोरांनो.

विद्यार्थिनी, मूळ लातूर

माझं थोडंसंच. तिकीट परवडायचं नाही, म्हणून सामन्याच्या दिवशी मी मैदानाबाहेर जाऊन आवाज ऐकायची. सामन्याआधीचं 'यू विल नेव्हर वॉक अलोन' हे गाणं, जे १९६३ मध्ये इथल्याच बँडनं गाजवलं, ते आतून सुरू झालं की बाहेर चिप्स विकणाऱ्या बाईसुद्धा हात थांबवून म्हणायच्या.

तिथेच मला अन्नपेढीची गाडी दिसली. २०१५ मध्ये लिव्हरपूल आणि एव्हर्टनच्या चाहत्यांनी मिळून हे सुरू केलं. सामन्याला येताना लोक डबाबंद कडधान्य, पास्ता, साबण, डायपर घेऊन येतात आणि गाडीत ठेवून आत जातात. भुकेला क्लबचा रंग नसतो, असं त्यांचं म्हणणं आहे. मी तिथे मदतीला जायला लागले. एका महिन्यात माझ्या विद्यावेतनाचा घोळ झाला, तेव्हा गाडीवरच्या काकूंनी काही न विचारता माझ्या पिशवीत सामान भरलं. मी या शहराची कायमची ऋणी आहे.

ठाणे

मी लिव्हरपूलला कधीच गेलेलो नाही, लिहिलं तर चालेल ना? २५ मे २००५, इस्तंबूल, चँपियन्स लीगचा अंतिम सामना. आपल्याकडे मध्यरात्र. मध्यंतराला मिलान ३-० नं पुढे. बाबा म्हणाले झोप, उद्या क्लास आहे. टीव्हीवर लिव्हरपूलचे लोक हरत असताना गात होते, ते बघून मी झोपलो नाही. सहा मिनिटांत तीन गोल, मग पेनल्टीवर विजय. जिंकल्यामुळे नाही, त्या मध्यंतरातल्या गाण्यामुळे मी या क्लबचा झालो.

आयटी, मूळ पुणे

तिकिटांचं कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. हे प्रेम आंधळं नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मालकांनी सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचं करायचं ठरवलं. संडरलँडविरुद्ध सामना चालू होता, आपला संघ २-० नं पुढे, आणि बरोबर ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार लोक उठून निघून गेले. संघानं मग दोन गोल खाल्ले, सामना २-२. काही दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. २०२१ मध्ये बड्या क्लबांची वेगळी सुपर लीग निघणार होती, तेव्हा चाहत्यांनी कॉपवरचे आपले झेंडे काढून घेतले. क्लब मालकांचा असेल, झेंडे आमचे आहेत. भारतातल्या फ्रँचायझी संघांच्या चाहत्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

शाळकरी मुलाची आई, मूळ अमरावती

मुलाला शाळेत पहिल्याच दिवशी विचारलं : लाल की निळा? तो घाबरून 'जांभळा' म्हणाला. बाईंना फार आवडलं. इथल्या घरगुती कचऱ्याच्या पेट्या जांभळ्याच आहेत, आणि त्या कोणाच्याच बाजूच्या दिसू नयेत म्हणून तसा रंग निवडला असं लोक सांगतात.

२६ मे २०२५ च्या लिव्हरपूलच्या विजयाच्या मिरवणुकीला आम्ही गेलो होतो. संध्याकाळी वॉटर स्ट्रीटवर गर्दीत गाडी घुसली, शंभराहून अधिक लोक जखमी झाले. आम्ही तिथून दोन गल्ल्या अलीकडे होतो. बातमी पसरली तशी लोक समाजमाध्यमांवर लिहू लागले : आमच्या घरी जागा आहे, चहा आहे, या. एका अनोळखी कुटुंबानं आम्हाला गाडीनं घरी सोडलं. त्यांच्या गाडीत मागे एव्हर्टनचा मफलर होता.

मग जुलैत लिव्हरपूलचा खेळाडू दियोगो जोटा आणि त्याचा भाऊ स्पेनमध्ये अपघातात गेले. मुलानं हट्ट धरला म्हणून फुलं घेऊन अ‍ॅनफिल्डला गेलो. लाल फुलांच्या ढिगात निळे शर्ट ठेवलेले होते. क्लबनं त्याचा २० क्रमांक कायमचा राखून ठेवलाय.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, विशेषतः कोल्हापूरच्या काकांचे. खासगी निरोपांत बरेच जण तिकिटाचं विचारताहेत. रस्त्यावर चढ्या भावानं विकणाऱ्यांकडून घेऊ नका. क्लबचं सभासदत्व घ्या, आणि इथे राहत असाल तर स्थानिक पिनकोडवाल्यांसाठी वेगळी विक्री असते तिच्याकडे लक्ष ठेवा. तिकीट नाहीच मिळालं तर सामना नसलेल्या दिवशी अ‍ॅनफिल्डला जाऊन तिथल्या हिल्सबरोच्या स्मारकावरची नावं वाचा, मग स्टॅन्ली पार्क चालत ओलांडून गुडिसनपर्यंत जा, अर्ध्या तासाच्या आत पोचाल. आणि सामन्याला येणार असाल तर पिशवीत डाळीचे दोन डबे टाका, अन्नपेढीची गाडी मैदानाबाहेरच असते.