केळीचे टिश्यू कल्चर: भारनियमनात १६ तासांचा उजेड कसा सांभाळावा?

प्रश्न
नमस्कार. अंजनगाव सुर्जी परिसरातील एका लहान प्रयोगशाळेत मी ग्रँड नैन केळीच्या रोपांचे काम पाहते. ग्रोथ रूममध्ये, म्हणजे बाटल्यांतील रोपे वाढवण्याच्या खोलीत, १६ तास उजेड व ८ तास अंधार असा टायमर लावलेला आहे. परंतु उन्हाळ्यात दुपारी वीज जाते, इन्व्हर्टरवर सर्व रॅक चालत नाहीत, आणि काही दिवसांतच कोंब लांबुडके, फिकट व पाने काचेसारखी पाणीदार दिसू लागतात. याची भरपाई म्हणून रात्रभर दिवे चालू ठेवावेत काय?

प्रतिसाद १
ताई, लांबुडके, फिकट कोंब हे उजेड कमी पडल्याचे लक्षण आहे. पाणीदार पानांमागे मात्र मला तापमानाचा चढउतार दिसतो. बाटलीतील रोप मुख्यतः माध्यमातल्या, म्हणजे बाटलीतील पोषक मिश्रणातल्या, साखरेवर, म्हणजे लिटरमागे साधारण ३० ग्रॅमवर, जगते. त्यामुळे दोन-तीन तास दिवे गेल्याने ते उपाशी राहत नाही. उजेड त्याला अन्नापेक्षा इशारा म्हणून अधिक लागतो. लाल प्रकाश फायटोक्रोम हे रोपातील प्रथिन ओळखते, निळा प्रकाश ओळखणारी प्रथिने वेगळी असतात, आणि त्यांच्यामुळेच कोंब आखूड व पाने हिरवी राहतात. वीज गेली की एसीही थांबतो, खोली तापते, आणि ती पुन्हा गार होताना झाकणाच्या आतून थेंब लोंबू लागतात. त्या कोंदट ओलाव्यात पाने पाणीदार होतात.

चोवीस तास दिवे लावू नका, त्याने उष्णताच वाढेल. बाटलीतल्या रोपाला सूर्य दिसत नाही, तेव्हा त्याची रात्र दुपारी आणा: सकाळी ११ ते सायंकाळी ७ अंधार, उरलेले १६ तास उजेड. बाहेर ४५ अंश असताना दिव्यांची उष्णता खोलीत नसेल, आणि जनरेटर असल्यास तो केवळ एसीसाठी वापरता येईल. खोली २५ अंशांच्या आसपास राहणे महत्त्वाचे.

प्रतिसाद २
वरील सूचना योग्य आहे. मात्र प्रत्येक टप्प्याला एकच वेळापत्रक लावू नये. मुनव्याचा (केळीच्या बुंध्याशी फुटणाऱ्या कोंबाचा) बाटलीत नुकताच लावलेला गाभा फिनॉलमुळे, म्हणजे कापलेल्या भागातून झिरपणाऱ्या द्रव्यांमुळे, काळा पडतो, म्हणून तो सुरुवातीचे काही दिवस अंधारात ठेवलेला बरा. संत्र्याच्या शेंडा-कलमातही (खुंटाच्या कोवळ्या रोपावर शेंड्याचा सूक्ष्म तुकडा बसवण्याच्या पद्धतीतही) खुंटाचे बी अंधारातच उगवतात, आणि कलम झाल्यावर त्याला उजेड देतात. शिवाय लक्समीटर, म्हणजे उजेड मोजण्याचे यंत्र, बाटलीच्या उंचीवर धरून पाहा: २००० ते ३००० लक्स मिळायला हवेत, आणि जुन्या ट्यूब पेटत असल्या तरी तेवढा उजेड देत नाहीत.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. ट्यूबचे मोजमाप उद्याच घेते. वेळापत्रक आधी एकाच रॅकवर बदलून, दिवसाचा इतर उजेड पोहोचू नये म्हणून त्याला काळे कापड लावीन, आणि पुढील सबकल्चरच्या (कोंब नव्या माध्यमात हलवण्याच्या) वेळी जुन्या व नव्या वेळापत्रकाच्या रॅकवरील कोंबांची तुलना येथे कळवीन.