मदत हवी आहे: खुल्या बुद्धिबळ स्पर्धेत झटपट बरोबरी रोखायला कोणता नियम घालावा?

पेठेतला_पट

नमस्कार मंडळी,

पुण्यात दिवाळीनंतर फिडे (बुद्धिबळाचा जागतिक महासंघ) रेटिंगची खुली स्पर्धा घेतोय. ९ फेऱ्या, स्विस पद्धत (दर फेरीत साधारण सारख्या गुणांचे खेळाडू समोरासमोर), ९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद. माहितीपत्रक छापायला जायचंय आणि एका कलमावर समितीचं एकमत होत नाहीये. वरच्या पटांवरचे ग्रँडमास्टर १२-१५ चालींत हात मिळवून उठतात. तुल्यबळांचं एकवेळ समजतं, पण २५८० रेटिंगचा खेळाडू २४२० वाल्याशी पांढरी मोहरी हातात असताना बरोबरी का घेतो? शेवटच्या फेरीला पालक मुलांना घेऊन येतात आणि तासाभरात पहिला पट रिकामा!

‘३० चालींआधी बरोबरी नाही’ एवढं लिहिलं तर पुरेल का? समान गुण झाल्यास बक्षिसाची रक्कम सारखी वाटायची, असं सध्या ठरलंय.

घड्याळवाला

पुरणार नाही. फिडेच्या कलम ९.१ नुसार तुम्हाला असा नियम घालता येतो, पण तो फक्त आपसांत ठरवलेल्या बरोबरीला लागू होतो. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की बरोबरी मागण्याचा हक्क कलम ९.२ देतं आणि तो स्पर्धेच्या नियमाने काढून घेता येत नाही. पळवाट नेमकी इथेच आहे.

बर्लिन बचाव या सुरुवातीतला हा चालींचा क्रम बघा: १. ई४ ई५ २. घोडा एफ३, घोडा सी६ ३. उंट बी५, घोडा एफ६ ४. कॅसलिंग, घोडा ई४ चं प्यादं मारतो ५. डी४, घोडा डी६. पुढे मारामारी होऊन दहाव्या चालीअखेर पांढरा वजीर डी४ वर आणि काळा डी६ वर येतो. मग ११. वजीर ई४ शह, वजीर ई६ १२. वजीर डी४, वजीर डी६. पांढरा वजीर डी४ वर असताना जी७ च्या प्याद्यावर डोळा असतो. काळ्याने एफ८ चा उंट हलवला तर ते प्यादं जातं. म्हणून काळा पुन्हा वजिरावजिरी देऊ करतो आणि पांढरा पुन्हा शह देतो. १४व्या चालीअखेर स्थिती तिसऱ्यांदा आली, डाव संपला. तुमचा ३० चालींचा नियम मोडलाच नाही.

पंचांनी दोन गोष्टी पक्क्या ठेवाव्यात. पुढच्या चालीने तिसरी पुनरावृत्ती होणार असेल, तर खेळाडूने ती चाल पटावर न करता स्कोअरशीटवर लिहायची, घड्याळ थांबवायचं आणि पंचांना सांगायचं. आधी मोहरा हलवला की त्या चालीपुरता हक्क गेला. आणि दावा चुकला तर प्रतिस्पर्ध्याला २ मिनिटं जादा मिळतात.

उंटांची_जोडी

२५८० आणि २४२० चा हिशेब देतो. १६० गुणांच्या फरकाला वरच्या खेळाडूकडून अपेक्षित गुण ०.७१. दोघांचा के (रेटिंग किती बदलेल ते ठरवणारा गुणक) १० धरला तर जिंकल्यावर २.९ रेटिंग मिळतं, बरोबरीत २.१ जातं, हरल्यास ७.१ जातं. म्हणजे रेटिंगच्या दृष्टीने बरोबरी तोट्याचीच. तरी तो ती घेतो, कारण शेवटच्या फेरीत रेटिंगपेक्षा पाकीट मोठं असतं.

समजा पहिलं बक्षीस १ लाख, दुसरं ६० हजार, आणि पहिल्या पटावर दोघंही ७ गुणांवर आहेत. हरणारा खाली घोळक्यात अडकून २० हजारांवर येईल. बरोबरी केली आणि मागून कुणी गाठलं नाही, तर दोघांना प्रत्येकी ८० हजार. समसमान संधी धरली, तर लढण्याची सरासरी ६० हजार. कोण लढेल? ही बरोबरी तुमच्या समान वाटपानेच घडवलेली आहे, आणि मला तरी त्यात खेळाडूंचा दोष दिसत नाही. मागून कुणी गाठू शकत असेल तर आकडे बदलतात, पण कल तोच राहतो.

वाटप बंद करा, बक्षीस टायब्रेकने (समान गुणवाल्यांत क्रम लावणाऱ्या निकषाने) द्या. पहिला टायब्रेक ‘पटावर जिंकलेले डाव’ ठेवा, बुखोल्झ (प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज) त्यानंतर. बुखोल्झ इतरांच्या निकालांवर हलतो, फेरी संपेपर्यंत नक्की कळत नाही. जिंकलेले डाव मात्र आधीच माहीत असतात. ज्याचे कमी, त्याला बरोबरीत ६० हजारच मिळणार हे ठाऊक असतं, मग तो सहजासहजी हात पुढे करत नाही. शब्द मात्र जपून लिहा: नुसतं ‘विजयांची संख्या’ लिहिलं तर न खेळता मिळालेले पूर्ण गुणही त्यात धरले जातात.

कॅराकान_प्रेमी

नॉर्मचाही (किताबासाठी स्पर्धेत करावी लागणारी ठरावीक कामगिरी) विचार करा. ग्रँडमास्टर नॉर्मला ९ डावांत २६०० रेटिंगच्या तोडीची कामगिरी लागते. शेवटच्या फेरीत एखाद्याला अर्धाच गुण हवा असतो आणि समोरचा ग्रँडमास्टर बक्षिसाच्या शर्यतीतून बाहेर असतो. अशा पटावर कुठलाही टायब्रेक चालणार नाही, तिथे चालींची अटच उपयोगी.

पेठेतला_पट

मनापासून धन्यवाद, वाटपाचा मुद्दा आजच समितीपुढे ठेवतो. मग बरोबरीची बोलणीच पूर्ण बंद केली तर? की फुटबॉलसारखे ३-१-० गुण?

घड्याळवाला

पूर्ण बंदी २००५ च्या सोफिया स्पर्धेपासून ओळखीची आहे, पण तिथे मोजके पट होते. तुमच्याकडे दीडशे पट असतील तर हत्ती विरुद्ध हत्ती अशा उघड बरोबरीच्या डावांना परवानगी द्यायला पंचांना सारखं धावावं लागेल. चालींची अट सोपी. ३० ऐवजी ४० ठेवा. २०१८ च्या लंडनमधल्या जगज्जेतेपदाच्या लढतीत अट ३० चालींची होती. तेव्हाचा जगज्जेता कार्लसनने बाराव्या डावात वरचढ स्थितीत ३१व्या चालीला बरोबरी देऊ केली.

उंटांची_जोडी

३-१-० नको. रेटिंग आणि नॉर्म तरीही १-½-० नेच मोजले जातात. शिवाय बरोबरीत दोघांचे मिळून २ गुण, पण एकाने डाव सोडला तर ३, म्हणजे डाव सोडून देणं फायद्याचं ठरतं, तो रोग जास्त वाईट.

घड्याळवाला

कलमाचा मसुदा देतो, तसाच छापा:

‘काळ्याची ४०वी चाल पूर्ण होण्याआधी मुख्य पंचांच्या संमतीशिवाय बरोबरी देऊ करता किंवा मान्य करता येणार नाही. स्थितीची पुनरावृत्ती, पेच (शह नसताना एकही चाल न उरणे) किंवा मोहऱ्यांअभावी मात अशक्य असल्यास फिडेचे नियम लागू राहतील. डाव आधीच ठरवून खेळल्याचं मुख्य पंचांना आढळल्यास दोघांनाही शून्य गुण दिले जाऊ शकतात.’

शेवटच्या वाक्याला आधार आहे: डिसेंबर २०२३ मध्ये समरकंदच्या जागतिक ब्लिट्झ स्पर्धेत नेपोम्नियाची आणि दुबोव या रशियन ग्रँडमास्टरांनी घोडे नाचवून बरोबरी केली, तेव्हा दोघांना शून्य मिळालं. आणि हे कलम पहिल्या फेरीच्या आधी सभागृहात मराठी आणि इंग्रजीतून वाचून दाखवा. छापलेलं पत्रक कुणी वाचत नाही, वाद मात्र नवव्या फेरीत होतात.