मोबाईलवरचा १३७ आणि बेळगावची हवा

तिसरं गेट:
काल गल्लीच्या ग्रुपवर एकानं मोबाईलचा स्क्रीनशॉट टाकला. टिळकवाडी, सकाळचे सात, हवेच्या प्रदूषणाचा आकडा १३७, केशरी पट्टी. खाली मजकूर: 'गरिबांचं महाबळेश्वर संपलं, दिल्ली आली. उद्यापासून व्हॅक्सिन डेपोवर फिरायला जाऊ नका.' रात्रीपर्यंत तोच फोटो मला चौघांनी पाठवला आणि आज आमच्या वडिलांनी खरंच फिरणं बुडवलं. म्हणून लिहायला बसलोय, लांबलं तर लांबलं.

चोवीस तास आकडे देणारं सरकारी यंत्र आहे रामतीर्थनगरात. कुठं कणबर्गीची बाजू, कुठं टिळकवाडी! अॅप काय करतं, तिथला आकडा, उपग्रह, वारा असं सगळं एका भांड्यात घालून ढवळतं आणि तुमच्या गल्लीच्या नावानं वाढतं. शिवाय तो १३७ अमेरिकेच्या तक्त्यातला. पीएम २.५, म्हणजे फुफ्फुसात खोल जाणारी बारीक धूळ, घनमीटरला पन्नास मायक्रोग्रॅम असली की त्यांच्याकडं १३७ येतात. आपल्या २०१५ च्या तक्त्यात त्याच पन्नासाचे ८३, म्हणजे 'समाधानकारक', पोपटी पट्टी. हवा तीच, रंग बदलला की लोक घाबरतात. आणि हा आकडा, म्हणजे हवेचा निर्देशांक, चोवीस तासांच्या सरासरीवर काढतात, निदान सोळा तासांची नोंद हाताशी लागते. सकाळी सातची एक झलक बघून कसला निर्णय देता?

मी सहा वर्षं एका खासगी लॅबमध्ये हेच काम केलंय. गच्चीवर सॅम्पलर, म्हणजे हवा ओढून धूळ कागदावर धरणारं यंत्र, आठ-आठ तासांनी फिल्टरचा कागद बदलायचा, आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला १०४ दिवस. कागद चिमट्यानं उचलायचा, ओल काढायला डेसिकेटरात ठेवायचा, मग वजन. रात्री दोनला लाईट गेली की ती पाळी फुकट. दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाचा कागद तव्यासारखा काळा निघायचा, त्याला आकडा बघायची गरजच नसायची. एवढं करून जो आकडा यायचा तोही आम्ही भीतभीत लिहायचो. हे लोक अंगठा फिरवतात आणि गाव घाबरवतात.

अनगोळची सून:
दादा, तुमचं गणित बरोबर असेल. पण 'समाधानकारक' म्हणजे कुणाचं समाधान? जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये पीएम २.५ ला चोवीस तासांसाठी १५ ची मर्यादा सांगितली, आपल्याकडं ६० पर्यंत चालतं. आपली फुफ्फुसं काय बिडाची आहेत?

माझा मुलगा पाच वर्षांचा. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत नेब्युलायझर टेबलावरून हलत नाही. सकाळी खिडकीची चौकट पुसली की काळी कणी येते, दोन बोटांत चोळली तर करकरते. आणि यंत्र रामतीर्थनगरात आहे म्हणता, तर माझा मुद्दा तुम्हीच मांडलात. थंडीत वारा पूर्वेचा. उद्यमबागेतल्या कारखान्यांचा धूर जाणार पिरनवाडी-मच्छेकडं. तिकडं पार ईशान्येला बसलेल्या यंत्राला त्याचा वास तरी लागतो का? आकडा नाही म्हणून धूर नाही, असं होत नाही.

मोल्डिंगवाला:
आलं, उद्यमबागेचं नाव आलंच! काय ओ वहिनी, गावात कुणाला शिंक आली की फौंड्री. आमच्याकडं क्युपोला, ती कोळशाची भट्टी, जाऊन जमाना झाला, विजेच्या इंडक्शनवर वितळवतो. कोळसा नाही, चिमणीतनं काळा लोट नाही. निम्म्या अनगोळची चूल याच फौंड्रीवर पेटली, हे विसरू नका.

ती कणी फौंड्रीची की रस्त्याची हे घरात कळतं. कागदावर घ्या, खालनं लोहचुंबक फिरवा. चिकटली तर आमची, नाही चिकटली तर खोदून ठेवलेल्या रस्त्याची. २०१६ ला स्मार्ट सिटीत नाव आलं तेव्हापासून हा रस्ता झाला की तो उकरतात, तिथं कुणी मोबाईलचा फोटो टाकत नाही.

डबेवाला इंजिनिअर:
मामा, मोल्डिंगच्या, म्हणजे साच्याच्या, वाळूत बेंटोनाईटची माती आणि कोळशाची भुकटी असते, तुम्हाला मी सांगायला नको. ती कुठल्या चुंबकाला चिकटते? चाचणी तुमच्याच सोयीची काढलात.

मी गॅलरीत धूळ मोजणारा सेन्सर लावलाय. लेसरवाला, तळहाताएवढा डबा. धुकं पडलं की तीनशे दाखवतो हे मान्य, कारण पाण्याच्या थेंबालाही तो धूळच समजतो. मोठ्या यंत्रात हवा आत घेतानाच गरम करून सुकवतात, या डब्यात ती सोय नाही. पण असे वीस डबे गावभर लावले, रामतीर्थनगरच्या यंत्राशेजारी महिनाभर ठेवून जुळवून घेतले, तर कुठल्या गल्लीत कधी चढतं एवढं तरी कळेल. पुण्याला २०१३ पासून उद्याच्या हवेचा अंदाज मिळतो. आपण अजून बोट ओलं करून वारा बघतोय.

आणि खरा चढ मला कुठं दिसला सांगू? चिकोडीजवळ मामाच्या गावी डबा घेऊन गेलो होतो. दिवेलागणीला उसाचं पाचट, तोडणीनंतर रानात पडलेला वाळका पाला, पेटवलं, आकडा दहा मिनिटांत साठावरून चारशेवर. या ऊसवाल्यांना कोण विचारणार?

१ नोव्हेंबर:
चर्चा चालू दे, पण मुळावर कुणी बोलत नाही. केंद्राच्या स्वच्छ हवा योजनेत कोल्हापूर आहे, सांगली आहे, सोलापूर आहे. कर्नाटकातनं बंगळूर, दावणगेरे, हुबळी-धारवाड, कलबुर्गी. बेळगाव? नाही! विधिमंडळाचं अधिवेशन भरवायला बेळगाव पाहिजे, हवा मोजायला नको. २०१४ मध्ये गावाचं नाव बदलायला बरा वेळ मिळाला. आणि उद्या इशारा निघाला तर तो निघणार कानडीत. माझ्या आईला कळणार कसा?

तिसरं गेट:
मराठीतनं इशारा पाहिजे, यात दुमत नाही. पण कोल्हापूर त्या यादीत आहे ते बक्षीस म्हणून नव्हे. पाच वर्षं सलग हवा मापात बसली नाही म्हणून त्या गावांची नावं आलीत. नापासांच्या यादीत आपलं नाव नाही म्हणून रडायचं?

१ नोव्हेंबर:
परीक्षेलाच नीट बसवलं नाही तर नापास कसे होणार? आणि नापासाला पैसे मिळतात ना?

तिसरं गेट:
...हे बरोबर आहे. मिळतात. त्यातले बरेचसे रस्ते झाडायच्या गाड्यांवर जातात, पण मिळतात.

खोडवा:
'ऊसवाल्यांना कोण विचारणार' लिहिणाऱ्या साहेबांना: विचारा की. मी हुक्केरी तालुक्यातला, चार एकर ऊस. मामाच्या गावी आलात ते हुरडा खायला आला असशीला. आधी पाचटात अनवाणी चालून दाखवा. पान करवतीगत. तोड उशिरा आलेली, खोडव्याला, म्हंजे तोडल्या बुडख्यातनं परत फुटणाऱ्या उसाला, पाणी द्यायची घाई, पाचट आडवं पडलं की सरीतनं पाणी पुढं सरकत न्हाय. वर साप-उंदीर. पाचटाची कुट्टी करायचं यंत्र हाय, पण तोड झाली की सगळ्यांना एकाच आठवड्यात पाहिजे. वाट बघत बसलो तर खोडवा वाळतोय. काडीपेटी दोन रुपयाला मिळते.

तुमच्या चहातली साखर कुठनं येते म्हणं?

डबेवाला इंजिनिअर:
साखरेचा विषय काढून भावनिक करू नका काका. पाचट ठेवलं तर ओल टिकते, तण कमी येतं, जमिनीत कर्ब जातो. हे कृषी खात्याच्या प्रत्येक मेळाव्यात सांगतात.

खोडवा:
मेळाव्यात पंखा असतोय.

मोल्डिंगवाला:
आमच्या चिमणीवर बोट आणि शेतात मोकळं रान. आमच्याकडं तपासणीला माणूस येतो, दंड लागतो. बांधावर कोण येतंय तपासायला?

खोडवा:
तुमच्याकडं येतोय, चहा पिऊन जातोय. उगाच बोलाय लावू नका.

तिसरं गेट:
भांडण थांबवा जरा. पाचटाचा मुद्दा अंदाजाच्या बाबतीत खरंच महत्त्वाचा आहे. उद्याची हवा सांगायची तर कुठं, कधी, किती जळणार हे आधी माहीत पाहिजे. वीटभट्टी निदान जागेवर असते. पाचटाची आग उपग्रह टिपतो, पण ते उपग्रह आपल्या डोक्यावरनं जातात दुपारी दीड आणि रात्री दीडच्या आसपास. दिवेलागणीला पेटलं आणि तासाभरात विझलं तर नोंदच नाही.

खोडवा:
म्हणजे दीड वाजता पेटवायचं न्हाय, एवढं कळलं. आभारी हाय.

आता खरं सांगतो, मग हसा. गेल्या साली एक एकरात पाचट ठेवलं. पोरगं मागं लागलं होतं म्हणून. दोन पाणी वाचलं, ते खोटं कशाला बोलू. मग एका संध्याकाळी बांधाशेजाऱ्यानं त्याचं पेटवलं, वारा फिरला, ठिणगी माझ्यात. माझं राखलेलंही गेलं आणि खोडव्याचे कोंबही होरपळले. तो म्हणतो, तू कशाला ठेवलंस? पंचायतीत सगळे त्याच्याच बाजूनं. एकट्यानं शहाणं होऊन चालत न्हाय, सगळ्या शिवारानं ठेवलं तर ठेवायचं.

अनगोळची सून:
काका, तुमचं नुकसान वाचून वाईट वाटलं. डबेवाल्यांनी निदान इथं तरी सॉरी म्हणावं.

डबेवाला इंजिनिअर:
सॉरी काका. हुरड्याचं मात्र खरं होतं.

अनगोळची सून:
आणि मोल्डिंगवाले भाऊजी, तुमची चाचणी केली. कागदावर कणी घेतली, मुलाच्या खेळण्यातलं चुंबक खालनं फिरवलं. थोडी सरकली, थोडी जागेवरच बसली. आता काय म्हणता?

मोल्डिंगवाला:
आता... निम्मी तुमच्या रस्त्याची.

अनगोळची सून:
आणि निम्मी?

मोल्डिंगवाला:
फेटलिंगला, म्हणजे ओतकामाच्या कडा घासायला, ग्राइंडर चालतो तिथं धूळ ओढायचं हूड आहे, फॅन जळालाय. मालकाच्या कानावर घालतो. तुमच्या १३७ साठी नव्हे, आमची पोरंपण तिथंच खोकतात.

तिसरं गेट:
जाता जाता माझीही एक कबुली. आकड्याला मी अजून मानत नाही. पण थंडीत रात्री जमीन गार पडते, वरची हवा उबदार राहते, धूर खालीच कोंडतो आणि ऊन तापेपर्यंत वर जात नाही. म्हणजे सातची वेळ दिवसातल्या वाईट वेळांपैकीच. वडिलांना सांगितलंय, उद्यापासून साडेनऊला निघा. ते म्हणाले, हेच तर फोटोवाला सांगत होता. त्यावर मी काही बोललो नाही.

१ नोव्हेंबर:
हे मराठीत सांगितलंत म्हणून त्यांना कळलं. माझा मुद्दा तोच होता.

अनगोळची सून:
डबेवाले, तो डबा कुठं मिळतो? खिडकीत लावायचा आहे.

डबेवाला इंजिनिअर:
ऑनलाईन मिळतो ताई, लिंक पाठवतो. स्वयंपाकघराकडच्या खिडकीत मात्र नको. आमच्याकडं परवा आईनं मिरचीची फोडणी दिली, सहाशेवर गेला.